शहरात वाचा-उपचारतज्ज्ञ कसा शोधावा?



दात दुखू लागला तर दाताच्या डॉक्टरकडे जायचे, मोतीबिंदू झाला तर डोळ्याच्या, हाड मोडले तर हाडाच्या. एवढे आज खेड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, धडधाकट वडिलांची वाचा पक्षाघाताने गेली, वर्गातला हुशार मुलगा 'हजर' म्हणताना अडखळतो, अशा वेळी जायचे कोणाकडे? या प्रश्नाला गावात सहसा उत्तर मिळत नाही. कोणी जिभेला वेखंड उगाळून लावायला सांगतो. कोणी म्हणतो, जीभ खालून चिकटली आहे, ती कापून मोकळी करा. आणि घरातली वडीलधारी मंडळी धीर देतात, "अहो, याचा बापही उशिराच बोलला होता. बोलेल हळूहळू." असे करता करता वर्ष जाते, दोन वर्षे जातात. गेलेला पैसा पुढेमागे मिळवता येतो. लहान मुलाची ही दोन वर्षे मात्र पुन्हा हाती येत नाहीत.

म्हणून आज मी एका अगदी व्यवहाराच्या गोष्टीविषयी सांगणार आहे. बोलण्याच्या दोषांवर रीतसर शिक्षण घेऊन उपचार करणारी माणसे आपल्याकडे आहेत. ती बहुतेक शहरांत आहेत. त्यांच्यापर्यंत कसे पोचायचे, आणि पोचल्यावर समोरचा माणूस खरा तज्ज्ञ आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

प्रथम नावाचा घोळ सोडवू या. या तज्ज्ञाला कोणी स्पीच थेरपिस्ट म्हणतात, कोणी वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणतात, कोणी वाक्-श्रवणतज्ज्ञ. दवाखान्याच्या पाटीवर बहुधा 'ऑडिऑलॉजिस्ट अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट' असे लांबलचक नाव असते. त्याचा अर्थ इतकाच की, हा माणूस कानाने किती ऐकू येते ते मोजतो आणि बोलण्याचे व भाषेचे दोष तपासून त्यांवर उपचार करतो. कान, नाक व घसा यांचा डॉक्टर वेगळा. तो औषध देतो, शस्त्रक्रिया करतो. कर्णबधिर मुलांच्या शाळेतला विशेष शिक्षक वेगळा. तो मुलाला शिकवतो. तिघांचीही गरज पडू शकते, पण एकाचे काम दुसऱ्याने करावयाचे नसते.

आता या तज्ज्ञाकडे कोणी जावे? ज्या मुलाला बोलणे येत नाही किंवा वयाच्या मानाने फार कमी येते, त्याने. जो तोतरा बोलतो, त्याने. ज्याचा टाळू जन्मतः दुभंगलेला होता आणि शस्त्रक्रियेनंतरही ज्याचे बोलणे नाकातून येते, त्याने. पक्षाघातानंतर ज्याला शब्द सापडत नाहीत किंवा दुसऱ्याचे बोलणे उमगत नाही, त्याने. अशा रुग्णाला गिळताना ठसका लागत असेल, तर तेही काम याच तज्ज्ञाचे आहे. घशाच्या कर्करोगामुळे ज्याचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले, त्यालाही नव्या रीतीने बोलावयास शिकवता येते. आणि शिक्षक मित्रांनो, या यादीत आपणही आहोत. दिवसभर वर्गात मोठ्याने बोलणाऱ्या माणसाचा आवाज वारंवार बसतो, स्वररज्जूंवर गाठी येतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू किंवा विडीची सवय असेल, तर या कामी एक दिवसही टाळाटाळ करू नये. घातक काही नाही याची खात्री झाली, म्हणजे आवाज कसा जपून वापरावा हे वाचा-उपचारतज्ज्ञ शिकवतो.

मुलाच्या बाबतीत केव्हा सावध व्हावे, याची ठोकळ मापे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सहा-सात महिन्यांचे बाळ आईच्या हाकेकडे मान वळवते. वर्षाच्या सुमारास एखाददुसरा अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांचे मूल 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडते. चार वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे परक्या माणसालाही कळते. महिना-दोन महिने मागेपुढे होतात, त्याने घाबरून जाऊ नये. पण दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडी चारदोन शब्दही नसतील, किंवा येत असलेले बोलणे नाहीसे होऊ लागले, तर मात्र वाट पाहत बसू नये.

याचे कारण समजून घ्या. मूल भाषा शिकते ती ऐकून. पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदू भाषा ज्या सहजतेने टिपून घेतो, तितक्या सहजतेने पुढे कधीच टिपत नाही. ज्याला गाव 'मुका' म्हणते, त्याच्या जिभेत बहुधा काहीच दोष नसतो. त्याला ऐकू येत नसते. म्हणून बोलत नसलेल्या मुलाच्या बाबतीत पहिली तपासणी कानाची. "अहो, थाळी वाजवली की वळून पाहते की!" असे आईबाप सांगतात. ते खोटे नसते. परंतु थाळीचा आवाज मोठा असतो, आणि हलणारा हात मुलाला दिसतोही. ज्याला थाळी ऐकू येते, त्याला बोलण्यातले 'स', 'श' असे बारीक आवाज ऐकू येतीलच असे नाही. याचा निर्णय यंत्रावरच होतो. अगदी तान्ह्या बाळाचीही तपासणी करता येते. 'बेरा' नावाची एक तपासणी तर मूल झोपलेले असताना करतात. डोक्याला तारा चिकटवून कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते पाहतात. त्यात दुखण्यासारखे काही नसते.

तेव्हा शहराची वाट धरण्यापूर्वी आपल्याच तालुक्यातून सुरुवात करावी. सन २०१३ मध्ये 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. त्याचा देशपातळीवरील आरंभ आपल्या पालघरला झाला. या कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा व शाळेतील मुले वर्षातून एकदा तपासावयाची असतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे, आणि ऐकू न येणे, भाषा उशिरा येणे हे दोष त्यात धरलेले आहेत. पथक गावात येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, पुढे बसवा. पथकाने चिठ्ठी दिली, तर जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. कानाची तपासणी आणि वाचा-उपचार करणारा माणूस या केंद्रात असावा, अशी योजना आहे. तेथे काम झाले तर उत्तमच. न झाले तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयासाठी तेथून चिठ्ठी लिहून घ्यावी. चिठ्ठी हाती असली, म्हणजे दारोदार विचारत फिरण्याची पाळी येत नाही.

आता शहर. शहरात कोठे जावे? माझी सूचना अशी की, जेथे हा विषय शिकवला जातो, तेथे प्रथम जावे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची एक संस्था आहे. ती १९८३ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे, आणि आज ती वाक् व श्रवण दिव्यांगजनांची राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबई सेंट्रलजवळचे महापालिकेचे नायर रुग्णालय या विषयाच्या शिक्षणाचे जुने केंद्र आहे. पुण्यात भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम चालतो. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी कुटुंबांना म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थाही माहीत असावी. ती १९६५ पासून काम करीत आहे.

अशा ठिकाणी गेल्यावर एखादा तरुण विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी तुमच्या मुलाला तपासू लागेल. तेव्हा मन खट्टू करून घेऊ नका. त्यांच्या पाठीशी त्यांचे शिक्षक असतात, आणि केलेले काम ते पाहतात. खाजगी दवाखान्यात मिळणार नाही इतका वेळ येथे पुष्कळदा मिळतो, आणि खर्चही कमी येतो. गर्दी असते, खेटे घालावे लागतात, हेही खरे. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी नवे रुग्ण पाहतात, ते विचारून घ्यावे. एस.टी.चा आठ तासांचा प्रवास करून बंद दरवाजा पाहण्याची वेळ आणू नये.

पण सर्वांना सरकारी संस्थेतच जाणे जमेल असे नाही. नाशिक, कोल्हापूर, औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नागपुरात खाजगी तज्ज्ञ आहेत. तेथे मात्र पारख आपण करावयाची. ती कशी?

आपल्या देशात या धंद्याला कायद्याचे बंधन आहे. संसदेने १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला आणि १९९३ पासून परिषद त्याप्रमाणे काम करू लागली. मान्य शिक्षण घेतलेल्या व्यक्तींची नावे ही परिषद एका केंद्रीय नोंदवहीत नोंदते. नोंदवहीत नाव असणे हाच आपल्याकडचा परवाना. नाव नसताना हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा कायद्यात सांगितल्या आहेत. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर सरळ विचारावे, "ताई, आपला पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?" यात उद्धटपणा काही नाही. बियाण्याची पिशवी घेताना आपण वरचे लेबल वाचतो, तारीख पाहतो; मग येथे संकोच कसला? खरा तज्ज्ञ रागावत नाही, भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखवतो. प्रमाणपत्रावर नोंदणीची मुदत असते, तीही पाहावी. परिषदेच्या संकेतस्थळावरही नोंद पडताळून पाहता येते. आपल्याला जमत नसेल, तर शाळेतले गुरुजी किंवा कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईलवर पाहून देईल.

दुसरी गोष्ट, पदवीची. बारावीनंतर चार वर्षांची, शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करण्याची, अशी या विषयाची पदवी आहे. पाटीवर ती 'बी.ए.एस.एल.पी.' अशी लिहितात. त्यापुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते. एका वर्षाची पदविकाही आहे. ती घेतलेली माणसे तज्ज्ञाच्या हाताखाली उपयोगी काम करतात, परंतु निदान आणि उपचाराची आखणी पदवीधराकडूनच करून घ्यावी. केवळ चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र लावून बसलेल्या माणसाकडे मूल सोपवू नये. तसेच श्रवणयंत्राच्या दुकानात नीट तपासणी न करता यंत्र गळ्यात मारू पाहतील, तर तेथून उठावे. चष्म्याचा नंबर काढल्याशिवाय आपण चष्मा घेत नाही. यंत्राचेही तसेच आहे.

नोंदणी आहे, पदवी आहे. एवढ्याने पारख संपली का? नाही. आणखी चार प्रश्न विचारावे. आमच्या मुलाला नेमके काय झाले आहे, ते आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगाल का? अशा प्रकारचे रुग्ण आपण पूर्वी हाताळले आहेत का? पुढच्या तीन महिन्यांत काय साधावयाचे, आणि ते साधले की नाही हे कसे कळेल? आणि घरी आम्ही काय करावयाचे? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. आठवड्यातून पाऊण तास दवाखान्यात आणि बाकीचा सगळा वेळ घरात, असा हा हिशेब आहे. जो तज्ज्ञ आईला बाहेर बाकावर बसवून दार लावून घेतो आणि शेवटी फक्त पैसे मागतो, त्याच्यापेक्षा जो आईला आत बसवून 'असे करा, आता तुम्ही करून दाखवा' म्हणतो, तो खेड्यातल्या कुटुंबाच्या कितीतरी अधिक उपयोगाचा.

"महिन्यात मुलगा घडाघडा बोलायला लागेल, लिहून देतो," असे जो म्हणेल, त्याच्यापासून दूर राहावे. हे काम पेरणीसारखे आहे. मशागत करावी लागते, वाट पाहावी लागते, आणि सगळ्यांचे पीक सारखे येत नाही. तोतरेपणा एका गोळीने जात नाही, पक्षाघाताने गेलेली वाचा एका सुईने परत येत नाही. पण तज्ज्ञाच्या हाताखाली नेटाने सराव केला, तर बहुतेकांच्या बोलण्यात फरक पडतो.

आता भाषेची गोष्ट. तपासणी आणि उपचार मुलाच्या घरच्या भाषेत व्हावयास हवेत. 'घरात इंग्रजी बोला', 'घरची बोली सोडा' असे कोणी सांगितले, तर ते मानू नका. मुलाला आई ज्या बोलीत जवळ घेते, तीच त्याची शिकण्याची भाषा. शिक्षक मित्रांनो, येथे आपलीही एक जबाबदारी आहे. खानदेशातला किंवा वऱ्हाडातला मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणतो, 'ळ'च्या जागी दुसराच उच्चार करतो. तो वाचादोष नव्हे, ती त्याची बोली आहे. त्याच्या आईवडिलांचे, शेजाऱ्यांचे उच्चार तसेच असतात. पण वाडीवरची बाकीची मुले एक उच्चार करतात आणि हा एकटाच 'काका'ला 'ताता' म्हणतो, तेही पाच वर्षांचा झाल्यावर, तर मात्र त्याला तपासून घ्यावे. हा फरक सगळ्यांत आधी शिक्षकाच्या कानाला कळू शकतो.

शहरात जाताना बरोबर काय न्यावे? मुलाच्या जन्माचे कागद, लसीकरणाचे कार्ड, पूर्वीच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या. शक्य असल्यास घरात मूल खेळत-बोलत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे मोबाईलवरचे चित्रण. कारण परक्या खोलीत पुष्कळ मुले तोंड उघडत नाहीत. आणि शिक्षकाचे किंवा अंगणवाडीताईंचे एक पत्र. पत्रात 'मुलगा मंद आहे' असे शेरे नकोत. त्याच्या पाठीमागून हाक मारली तर वळतो का, कोणते शब्द बोलतो, सांगितलेले समजते का, इतर मुलांत खेळतो का, घरी कोणती बोली आहे; एवढे पाहिलेले लिहावे. अशा दहा ओळी तज्ज्ञाला फार मोलाच्या वाटतात.

लांबून येणाऱ्या माणसाने आपली अडचण पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावी. दर आठवड्याला येणे जमणार नाही. पेरणीच्या दिवसांत नाही, ऊसतोडीला गेलो तर चार-पाच महिने नाही. हे कळले म्हणजे तज्ज्ञ त्याप्रमाणे घरचा अभ्यास आखून देतो, मधल्या काळात मोबाईलवर समोरासमोर पाहून मार्गदर्शन करतो. आपण सांगितलेच नाही आणि तिसऱ्या खेपेनंतर जाणे बंद केले, तर दोघांचेही कष्ट वाया जातात. दोष कायमचा आहे असे ठरले, तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्यावे. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याचे व वाचा-भाषेचे दिव्यांगत्व धरलेले आहे. एस.टी.ची प्रवास सवलत आणि सरकारी मदतीच्या योजना यांसाठी ते उपयोगी पडते.

तज्ज्ञाकडे जाण्याचा दिवस उजाडेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. लहान मुलाशी त्याच्या डोळ्यांसमोर बसून, हातातल्या वस्तूविषयी, लहान वाक्यांत बोलावे. "ही भाकरी. गरम भाकरी. भाकरी हवी?" असे म्हणून क्षणभर थांबावे, मागण्यापूर्वीच पुढ्यात टाकू नये. तोतऱ्या मुलाचा शब्द आपण पुरा करू नये, 'सावकाश बोल, नीट बोल' असा धोशा लावू नये; तो काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐकावे. वर्गात हजेरीच्या वेळी कोणी हसले, तर हसणाऱ्याला आवरावे. पक्षाघात झालेल्या आजोबांशी ओरडून बोलू नये. ते बहिरे झालेले नाहीत आणि वेडेही नाहीत. एका वेळी एकाने बोलावे, 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल असे विचारावे, आणि घरच्या व्यवहारात त्यांचा सल्ला पूर्वीसारखाच घ्यावा.

थोडक्यात सांगावयाचे तर, शंका येताच आधी कान तपासा. तालुक्यातून, जिल्ह्यातून चिठ्ठी घ्या. शहरात शिकवणाऱ्या संस्थेची चौकशी प्रथम करा. खाजगी तज्ज्ञाकडे गेलात तर नोंदणी क्रमांक विचारा. आणि जो तुम्हाला शिकवील, त्याच्याकडेच टिकून राहा. आपल्या वाडीवर न बोलणारे एखादे मूल असेल, तर त्याच्या आईला हे एवढे आजच सांगा. तिला पत्ता शोधून द्या, फोन लावून द्या, आणि जमल्यास पहिल्या खेपेला तिच्याबरोबर जा.